टांझानियाच्या वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी

आफ्रिकेतल्या एखाद्या रुग्णालयात महिना-दीड महिना काढावा, असं मनात असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्याला मी आधी विचारते, धडगाव पाहिलंस का? भामरागड? बहुतेक जण गप्प होतात, काही चिडतात. पण प्रश्न टोमणा म्हणून नसतो. 'तिकडे सगळं स्वतःच्या हातानं करायला मिळतं' एवढंच जाण्याचं कारण असेल, तर तिकिटाचे पैसे वाचवा. लंडनच्या किंवा म्युनिकच्या विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षातही एकट्यानं बाळंतपण करायला मिळत नाही, म्हणून त्याला हे आकर्षण वाटतं. ससून, घाटी किंवा मेयोच्या लेबर रूममध्ये रात्रपाळी केलेल्या इंटर्नला ते वाटायचं कारण नाही. तुमचे हात इथेच तयार होतात. तिकडे जायचं ते डोळे आणि कान घेऊन, आणि जमेल तितका वेळ हात मागे ठेवून.

हे पटत असेल तर पुढे वाचा. मी टांझानियाबद्दल लिहिते आहे, कारण आपल्याकडच्या मुलांना तो देश सोयीचा पडतो. वैद्यकीय शिक्षण इंग्रजीत, केसपेपर इंग्रजीत, राउंडही इंग्रजीत. रुग्ण मात्र स्वाहिली बोलतो, आणि खरी परीक्षा तिथेच असते.

त्याआधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे परदेशातल्या कुठल्याही वैद्यकीय वास्तव्याला सरसकट 'इंटर्नशिप' म्हणतात. भारतात एमबीबीएस करणाऱ्यांची बारा महिन्यांची सक्तीची फिरती इंटर्नशिप २०२१ च्या नियमांनुसार चालते. परदेशात काढलेले आठवडे तिच्यात धरले जातील असं समजून चालू नका. तुमच्यासाठी दोनच मोकळ्या जागा आहेत. एक म्हणजे नव्या अभ्यासक्रमातला इलेक्टिव्हचा काळ, तोही कॉलेजनं परदेशाला लेखी मान्यता दिली तरच. दुसरी म्हणजे इंटर्नशिप संपल्यानंतरची फट. 'डीन सर हो म्हणाले' हे पुरेसं नाही. सही-शिक्क्याचा कागद हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे काही कळवावं लागतं का, हेही त्याच फेरीत विचारून घ्या.

किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स अशा ठिकाणी एमबीबीएस करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचं शिक्षण आणि त्यानंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत पूर्ण करावी लागते. मधले दोन महिने तिसऱ्याच देशात काढले, तर भारतात नोंदणीच्या वेळी ते अंगाशी येऊ शकतं. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांचं चित्र वेगळं आहे. त्यांच्या अभ्यासक्रमात इलेक्टिव्हला ठरलेली जागा असते. पुण्यातले आजी-आजोबा हा लेख वाचून त्यांना पाठवतील, अशी माझी आशा आहे.

कुठे जायचं

टांझानियात परदेशी विद्यार्थी प्रामुख्यानं तीन मोठ्या रुग्णालयांत दिसतात. दार-एस-सलामचं मुहिंबिली हे राष्ट्रीय रुग्णालय. किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी गावात केसीएमसी, म्हणजे किलिमांजारो ख्रिश्चन मेडिकल सेंटर. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्वांझा शहरात बुगांडो. शेवटची दोन्ही १९७१ मध्ये सुरू झाली आणि आपापल्या विभागाची रेफरल रुग्णालयं आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी मोशी सुचवते. गाव लहान, हवा थंड, मलेरिया देशाच्या इतर भागांपेक्षा कमी, आणि परदेशी विद्यार्थ्यांची रुग्णालयाला सवय आहे. मुहिंबिली मोठं आहे, पण तिथल्या गर्दीत तुम्ही हरवून जाल. आपल्या केईएममध्ये परदेशी विद्यार्थ्याचं जे होतं तेच.

मोशीला गेलात तर त्वचारोग विभाग चुकवू नका. १९९२ पासून इथे प्रादेशिक त्वचारोग प्रशिक्षण केंद्र चालतं आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांतून लोक इथे शिकायला येतात. टांझानियात जन्मजात रंगद्रव्य नसलेल्या, म्हणजे अल्बिनिझम असलेल्या माणसांचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. विषुववृत्ताजवळच्या उन्हात त्यांना अगदी तरुण वयात त्वचेचा कर्करोग होतो. त्यांच्यासाठी सनस्क्रीन मलम या केंद्राच्या आवारातच तयार केलं जाऊ लागलं. तिथली ओपीडी पाहिली की कर्करोग टाळायला आधी टोपी, लांब बाह्या आणि एक मलम लागतं, हे पुस्तकाशिवाय कळतं.

म्वांझाला जाणाऱ्यांना वेगळंच जग दिसतं. मुलांच्या जबड्यात गाठ घेऊन येणारा बर्किट लिम्फोमा आपण पॅथॉलॉजीच्या स्लाइडवर 'तारांकित आकाश' म्हणून पाठ करतो. तिथे तो समोरच्या खाटेवर असतो. सरोवरातल्या गोगलगाईंमार्फत पसरणारा शिस्टोसोमियासिसही तसाच. हा आजार भारतात जवळजवळ नाहीच. गंमत म्हणजे भारतातलं त्याचं एकमेव ठाऊक असलेलं ठिकाण आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी गाव आहे, १९५० च्या दशकात त्याची नोंद झाली. कोकणातल्या किती विद्यार्थ्यांना हे माहीत असतं? तात्पर्य एवढंच की व्हिक्टोरिया सरोवर कितीही निळंशार दिसलं तरी त्यात पोहू नका, पायसुद्धा बुडवू नका.

विदर्भ-खानदेशातल्या विद्यार्थ्यांना मी सिकलसेलच्या क्लिनिकमध्ये आवर्जून बसायला सांगते. टांझानियात दरवर्षी हजारो बाळं हा आजार घेऊन जन्मतात. आपल्या आदिवासी पट्ट्यातल्या रुग्णांमध्ये गर्भावस्थेतलं एफ हिमोग्लोबिन बऱ्याचदा जास्त टिकून राहतं, त्यामुळे आजार काहीसा सौम्य असतो. तिथे तो जास्त तीव्र दिसतो, पक्षाघात झालेली लहान मुलंही दिसतात. गडचिरोलीत पाहिलेल्या रुग्णाशी त्याची तुलना मनात करत राहा. घरच्या आजाराकडे परत आल्यावर तुम्ही नव्यानं बघाल, आणि माझ्या मते एवढ्या लांब जाण्याचं सर्वांत भक्कम कारण हेच आहे.

अर्ज, पैसे, व्हिसा

अर्जाचे तीन मार्ग. रुग्णालयाच्या किंवा त्याला जोडलेल्या विद्यापीठाच्या इलेक्टिव्ह कार्यालयाला थेट पत्र. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे इफम्साची अदलाबदल योजना. किंवा सगळी व्यवस्था लावून देणारी खासगी कंपनी. इफम्सा १९५१ पासून आहे, भारतात तिची सदस्य संस्था एमएसएआय. या योजनेत तुम्ही जाता तेव्हा तिकडचा विद्यार्थी इकडेही येऊ शकतो, म्हणून मला ती सर्वांत न्याय्य वाटते. खासगी कंपनीकडून जायचंच असेल तर एक प्रश्न लेखी विचारा: मी भरलेल्या पैशांतले किती रुग्णालयाला मिळतात? आणि खुर्ची सरकवून उत्तराची वाट बघा. जाहिरातीत सफारीचे फोटो जास्त आणि पर्यवेक्षक डॉक्टरचं नाव कुठेच नाही, अशी कंपनी सरळ सोडून द्या.

थेट अर्ज केलात तर रुग्णालय शुल्क मागेल. अनेक विद्यार्थी इथे नाराज होतात: 'आम्ही मदत करायला येतोय आणि वर पैसे?' तुम्ही मदत करायला जात नाही आहात. तुम्हाला शिकवायला एका निवासी डॉक्टरचा वेळ जातो, तुमच्या प्रत्येक प्रश्नाला राउंड मिनिटभर लांबतो, रुग्णाचं बोलणं तुम्हाला भाषांतर करून सांगायला नर्सला थांबावं लागतं. त्या वेळेची किंमत म्हणजे ते शुल्क. परदेशी वैद्यकीय प्रशिक्षणाच्या नीतीबद्दल २०१० मध्ये तज्ज्ञांच्या एका गटानं मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. यजमान संस्थेवर पडणारा हा बोजा ओळखा, असं त्यात स्पष्ट आहे. अर्ज किमान सहा-आठ महिने आधी करा. मार्च ते मे हा तिथला मोठ्या पावसाचा काळ, त्याला मासिका म्हणतात. रस्ते खराब होतात आणि पावसामागून मलेरिया वाढतो.

व्हिसाबाबत जपून. 'टुरिस्ट व्हिसा काढ, कोण विचारतंय' असा सल्ला देणारा सीनियर प्रत्येक हॉस्टेलमध्ये असतोच. टुरिस्ट व्हिसावर वॉर्डात उभं राहणं म्हणजे त्या देशाचा कायदा मोडणं. विद्यार्थी, संशोधक, स्वयंसेवक यांच्यासाठी तिथे 'क' वर्गाचा निवास परवाना असतो, कमी मुदतीसाठी दुसरी सोय असू शकते. तुमच्या मुदतीला काय लागतं, ते रुग्णालयाकडून ईमेलवर घ्या आणि तो ईमेल छापून सोबत ठेवा. वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी लागते का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा.

विम्यात दोन गोष्टी बघा: विमानानं दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च, आणि विद्यार्थी म्हणून तुमच्या हातून काही झालं तर त्याचं संरक्षण. पूर्व आफ्रिकेत गंभीर रुग्णाला हलवण्यासाठी नैरोबीहून आम्रेफची 'फ्लाइंग डॉक्टर्स' सेवा १९५७ पासून चालते. पण विमान उडायच्या आधी विमा कंपनीची हमी लागते.

स्वतःचं शरीर

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण यात चूक झाली तर बाकी सगळं फुकट.

हेपटायटिस बी ची लस तुम्ही पहिल्या वर्षातच घेतली असेल. अँटिबॉडी तपासल्यात का? टायटर दहाच्या खाली असेल तर लस घेतली न घेतली सारखंच समजा आणि पुन्हा डोस घ्या. प्रतिकारशक्ती नसलेल्याला दूषित सुई टोचल्यावर हेपटायटिस बी होण्याचा धोका तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एचआयव्हीचा तोच धोका हजारात तीन आहे. भीती मात्र आपण उलट प्रमाणात बाळगतो.

म्हणून एचआयव्हीकडे दुर्लक्ष करा असं नाही. टांझानियात प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण चार-साडेचार टक्क्यांच्या आसपास आहे, भारतात ते ०.२ टक्के. सुई टोचली तर जागा साबण-पाण्यानं धुवा, पिळू नका, आणि लगेच वरिष्ठांना सांगा. लाजून रात्रभर गप्प बसलेल्या मुली-मुलांचे किस्से सगळ्याच देशांत ऐकू येतात. प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हायला हवीत आणि २८ दिवस घ्यावी लागतात. हल्ली टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डॉल्युटेग्रॅविर या तिघांची एकत्र गोळी वापरतात. रुग्णालयाच्या एचआयव्ही क्लिनिकमध्ये ती असतेच, पण शनिवारी रात्री किल्ली कुणाकडे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. सुरुवातीच्या काही दिवसांचे डोस डॉक्टरच्या चिठ्ठीवर इथूनच नेलेले बरे.

पिवळ्या तापाचा घोळ वेगळाच. मुंबई–दार-एस-सलाम थेट विमान मिळालं तर प्रश्न बराच सोपा होतो. पण स्वस्त तिकीट बहुतेक वेळा नैरोबीमार्गे किंवा अदिस अबाबामार्गे निघतं, आणि केनिया व इथिओपिया पिवळ्या तापाच्या देशांत मोडतात. तिथून पुढे टांझानियात शिरताना, आणि परतताना भारतात उतरल्यावर, पिवळं कार्ड मागितलं जाऊ शकतं. नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस फक्त सरकारमान्य ठरावीक केंद्रांवर मिळते. मुंबईत पोर्ट हेल्थ आणि विमानतळ आरोग्य कार्यालय यांच्याकडे चौकशी करा. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, आणि आता जन्मभर चालतं. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

मलेरियाबद्दल आपल्या मुलांना फाजील आत्मविश्वास असतो. 'आम्ही मलेरियातच वाढलो!' आपल्याकडे पाहिलेला मलेरिया बराचसा व्हायवॅक्स असतो. तिथला जवळपास सगळा फाल्सिपेरम, आणि तुमच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. दोन दिवसांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. प्रतिबंधक गोळी घ्या. भारतात सहज मिळते ती डॉक्सिसायक्लिन: रोज १०० मिलिग्रॅम, पोहोचण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परत आल्यावर चार आठवडे. जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, आणि ऊन टाळायचं, कारण कातडी भाजते. दुसरे पर्यायही आहेत, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. मच्छरदाणीत झोपा. मोशीला मलेरिया कमी म्हणून गोळी सोडलेले विद्यार्थी शनिवार-रविवारी झांझिबार नाहीतर जंगल फिरायला जातातच.

निघण्याआधी साथींच्या बातम्या बघा. कागेरा भागात २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या सुरुवातीला मारबर्ग विषाणूची साथ आली होती. अशा वेळी परतीचं तिकीट बदलावं लागलं तर हरकत घेऊ नका.

वॉर्डात

तिथे रुग्ण पाहणारा माणूस डॉक्टरच असेल असं नाही. तीन वर्षांची पदविका घेतलेले क्लिनिकल ऑफिसर ग्रामीण भागाचा मोठा भार उचलतात. असिस्टंट मेडिकल ऑफिसर या पदावरची माणसं तर कित्येक दशकं सिझेरियन करत आली, आणि त्यांचे निकाल डॉक्टरांच्या तोडीचे असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. एमबीबीएसच्या तोऱ्यात त्यांच्याशी बोललात तर पुढचे सगळे आठवडे तुम्हाला कोणी काही शिकवणार नाही. आणि तुम्हाला कळणारही नाही की का.

स्वाहिली जाण्याआधी दोन महिने शिका. लिपी रोमन, उच्चार लिहिल्याप्रमाणे, मराठी जिभेला अजिबात जड जात नाही. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणायचं, ते 'मराहाबा' म्हणतात. सीनियर नर्सलाही शिकामो म्हणा. वॉर्ड तिच्या शब्दावर चालतो, अगदी आपल्या सिस्टरांसारखाच. दुखणं ऐकलं की 'पोले' म्हणायचं. हा एक शब्द तुम्हाला पुष्कळ पुढे नेईल.

घड्याळाची गफलत मात्र गंभीर आहे. स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'पहिला तास', आठ म्हणजे 'दुसरा'. आई म्हणाली, बाळाला रात्री चौथ्या तासाला आकडी आली, तर ती दहाची गोष्ट सांगते आहे, चारची नाही. आकडी कधी सुरू झाली, औषधाचा आधीचा डोस कधी दिला, हे विचारताना सहा तासांचा फरक पडतो. शंका आली की 'उजाडल्यावर की अंधार पडल्यावर' असं विचारून घ्या. ड्यूटीची वेळही तशीच पक्की करा.

लहान मुलांच्या आकडीला लोक 'देगेदेगे' म्हणतात. काही घरं रुग्णालयाआधी म्गांगाकडे, म्हणजे गावातल्या वैदूकडे जातात. तान्ह्या बाळाच्या हिरड्यांतले कोवळे दात 'प्लॅस्टिकचे दात' समजून काढून टाकण्याचा प्रकारही आहे. त्यातून जंतुसंसर्ग होतो. हे ऐकून तोंड वाकडं करायच्या आधी मेळघाटात बाळाच्या पोटावर दिलेले चटके आठवा. 'घरी काही औषध केलं का?' असं साध्या सुरात विचारलं तरच खरं उत्तर मिळतं, इथेही आणि तिथेही.

आता हातांबद्दल. तुम्हाला रक्त काढता येतं, टाके घालता येतात, कदाचित लंबर पंक्चरही येतं. तिथे मनुष्यबळ कमी, कामाचा डोंगर, आणि पांढरा कोट घातलेला परदेशी माणूस समोर. कुणीतरी थकून म्हणेल, 'तू करशील का?' नियम सोपा ठेवा: जे काम तुमच्या कॉलेजात तुम्हाला देखरेखीशिवाय करू देत नाहीत, ते इथेही देखरेखीशिवाय करायचं नाही. त्यासाठी इंग्रजीतलं एक वाक्य आधीच तयार ठेवा. मी विद्यार्थी आहे, तुम्ही शेजारी उभे राहिलात तर करते. नकार आगाऊपणाचा वाटत नाही, आणि शिकायलाही मिळतं. रुग्णालाही 'मी डॉक्टर नाही, विद्यार्थी आहे' हे स्वाहिलीत सांगता आलं पाहिजे. तो वाक्प्रयोग सगळ्यात आधी पाठ करा.

या मर्यादा सुटल्यावर काय होतं, याचं टोकाचं उदाहरण शेजारच्या युगांडात घडलं. जिंजा शहरात वैद्यकीय शिक्षण नसलेली एक अमेरिकन तरुणी कुपोषित मुलांचं केंद्र चालवत होती. ती स्वतःच उपचार करत असल्याचा आणि त्यात मुलं दगावल्याचा आरोप करत दोन मातांनी २०१९ मध्ये कोर्ट गाठलं. तिनं आरोप नाकारले, पुढच्या वर्षी तडजोड झाली. तुम्ही म्हणाल, आम्ही तर एमबीबीएस करतोय. बरोबर आहे. म्हणूनच 'मला हे येतं' हा मोह तुम्हाला जास्त होणार.

एका गोष्टीत तुमचं इथलं ज्ञान सरळ दगा देईल: साप. हाफकिनचं अँटिव्हेनम आपल्या नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यासाठी आहे. तिथे पफ ॲडर, मांबा आणि विष थुंकणारे नाग. भारतीय सापांपासून केलेलं औषध आफ्रिकेत पाठवलं गेलं, तेव्हा ते निरुपयोगी ठरल्याची नोंद आहे. आफ्रिकेतल्या सापांसाठीचं वेगळं अँटिव्हेनम आपल्या नारायणगावात तयार होतं, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. कुपीवरचं नाव वाचायची सवय तिथे लागते.

तपासण्यांचं म्हणाल तर सीटी स्कॅन मोठ्या रुग्णालयात आहे, पण यंत्र बंद असेल किंवा नातेवाइकांकडे पैसे नसतील. अशा वेळी तिथला अनुभवी डॉक्टर इतिहास आणि तपासणी यांवर किती दूरपर्यंत जातो, ते बघा. राउंडनंतर त्याला एकच प्रश्न विचारा: कुठली तपासणी असती तर तुम्ही निर्णय बदलला असता? मी ऐकलेली उत्तमोत्तम क्लिनिकल मेडिसिनची व्याख्यानं या एका प्रश्नावर दिली गेली आहेत.

भारतीय म्हणून

तुम्हाला कोणी 'म्झुंगु', म्हणजे गोरा, म्हणणार नाही, 'म्हिंदी' म्हणतील. त्या शब्दामागे शंभर-सव्वाशे वर्षांची दुकानं आहेत, आणि गोव्याहून गेलेले कारकून नि शिंपीही. १९७१ मध्ये सरकारनं भाड्यानं दिलेल्या इमारती ताब्यात घेतल्या तेव्हा अनेक आशियाई कुटुंबं देश सोडून गेली. भारतीय माणूस म्हणजे पैसेवाला आणि जरा अलिप्त, ही समजूत अजून पुसलेली नाही. दुसरीकडे भारतीय डॉक्टरांबद्दल मोठा आदर आहे. तिथले अनेक रुग्ण हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी भारतात आलेले असतात, गोळ्यांच्या पाकिटावर भारतीय पत्ते दिसतात. 'भारतात नेलं तर बरा होईल का?' असं एखादा बाप तुम्हाला विचारेल. उत्तर देऊ नका, त्याला त्याच्या डॉक्टरकडे घेऊन जा. तुमच्या एका उत्साही वाक्यावर कुणाची जमीन विकली जाऊ शकते.

राहण्याखाण्याचं फार मनावर घेऊ नका. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही: माहारागे म्हणजे उसळ, म्चिचा म्हणजे जवळजवळ आपला तांदुळजा, सोबत भात किंवा उगाली. चपाती आणि समोसे सगळीकडे. प्लग इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा, अडॅप्टर न्या. जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, ती प्रवाशांनाही लागू होते, तेव्हा चिवड्याची आणि लाडवांची बांधाबांध कापडी पिशवीत करा. डॉलरच्या नोटा नव्या छपाईच्या न्या. बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, हेल्मेटशिवाय बसू नका. ट्रॉमा वॉर्डातल्या पहिल्या आठवड्यानंतर हे सांगायची गरज राहत नाही. किलिमांजारो ५,८९५ मीटरचा आहे. चढायचाच असेल तर पोस्टिंग संपल्यावर, आणि विम्यात त्या उंचीचा समावेश आहे की नाही ते वाचून.

रुग्णांचे फोटो काढू नका. 'चेहरा झाकून टाकला' ही पळवाट आहे. माहिती गोळा करून पेपर लिहायचा बेत असेल तर संशोधनासाठी तिथल्या नीती समितीची आणि राष्ट्रीय पातळीवरची परवानगी आधी लागते. ती काही आठवड्यांत मिळत नाही. त्यापेक्षा तिथला एखादा निवासी डॉक्टर लिहीत असलेल्या कामात संदर्भ शोधून द्या, इंग्रजी तपासून द्या.

परत आल्यावर

परतल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ताप आला, तर तो मलेरिया नाही असं सिद्ध होईपर्यंत मलेरियाच. आपल्याकडचा डॉक्टर पावसाळ्यात डेंग्यूकडे वळेल. त्यानं विचारलं नाही तरी 'मी टांझानियाहून आलोय' हे वाक्य तुम्हीच आधी बोला आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. सगळं सांगूनही सरोवरात उतरला असाल तर तीन महिन्यांनी शिस्टोसोमियासिसची तपासणी करा. त्यावर प्राझिक्वांटेल हे चांगलं औषध आहे. क्षयाची चाचणी जाण्याआधी एकदा आणि आल्यावर दोन-अडीच महिन्यांनी एकदा.

इलेक्टिव्हचा अहवाल कॉलेजला देता तसाच तिथल्या पर्यवेक्षकालाही पाठवा, इंग्रजीत, चुका तपासून. कुठला परवाना किती दिवसांत मिळाला, कुठे अडलं, राहण्याचा खर्च किती आला, हे वेगळ्या पानावर लिहून कॉलेजच्या इलेक्टिव्ह समन्वयकाकडे द्या. पुढच्या वर्षी माझ्या दारात उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला मी ते पान वाचायला देईन, धडगावबद्दल विचारून झाल्यावर.